तिसऱ्या पिंपाची बाटली

सर, हे पत्र मी सांगतेय आणि माझी नातसून लिहून घेतेय. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. हजेरीच्या वहीवर माझा अंगठा तुम्हीच धरून टेकवायचात आणि वर म्हणायचात, "बाई, सरळ ठेवा, तो काय पळून जातोय?" नातसुनेला म्हटलं, सरांना पत्र लिहायचंय, तर ती हसली. "आजी, ते तर कवाच वारले ना?" म्हटलं, वारले म्हणून काय झालं, वारलेल्या माणसाला उत्तराची घाई नसते. ती बारावी शिकलेली आहे. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. आता एवढं तिनं वाचून दाखवलं तर मला वाटलं, ही कोण शहाणी बाई बोलतेय? असो. तुमच्यापुढं आपण जरा नीटनेटकं दिसलेलं बरं.

खरं सांगायचं तर भीती वाटते म्हणून तुम्हाला हाक मारली. मी नातवाकडं राहते, राहुरीपासून आत, मळ्यातल्या वस्तीवर. मुलगा-सून गावातल्या घरी. इथं नातू, ही नातसून, बारा गाई आणि सव्वा महिन्याची माझी पणती. नळाचं पाणी वस्तीपर्यंत येत नाही, आम्ही विहिरीचं पितो. पोरीला आईचं दूध पुरत नाही, म्हणून डब्याचं दूध द्यावं लागतं, आणि ते कालवायला पाणी विहिरीचंच, उकळून गार केलेलं. म्हणजे चार दिवसांपूर्वीपर्यंत विहिरीचं होतं. चार दिवसांपूर्वी सकाळी मी बोंब मारली की विहिरीत साप मरून पडलाय. तेव्हापासून राहुरीहून जारचं पाणी येतंय, आणि नातू दोर, बॅटरी, गळ घेऊन विहिरीत उतरतोय. परवा वर आला तो चिखलानं माखून. "आज्जे, कुटं हाय तुझा साप? बेडकं सापडली, चप्पल सापडली, पर साप न्हाई." मी म्हटलं, "साप काय तुला हजेरी द्यायला बसून ऱ्हाईल व्हय?" तो म्हणाला, "मेल्याला साप कुटं जाईल?" मी म्हटलं, "तुझा आजा बी मेला, तो कुटं गेला ते तरी सापडलं का?" मग दोर गुंडाळायला लागला. आज त्यानं मोटर लावून सगळी विहीर उपसायला घेतलीय. म्हणतो, उद्या नवं पाणी लागलं की जार बंद. म्हणजे उद्यापासून बाटलीत परत विहिरीचं पाणी. माझ्याकडं आजचा दिवस आहे, सर. रोज सकाळी मी पोरीला अंगणात उजेडात घेते आणि तिचे ओठ बघते, नखं बघते. नातू म्हणतो, "सोनं पारखतीस का काय?" मी हसते. हसत हसत परत एकदा नखं बघते.

शेतकी कॉलेजातली तुमची ती शेड माझ्या डोळ्यांपुढं आहे. पत्र्याची, एका अंगानं उघडी. पलीकडं वसतिगृहातल्या पोरांच्या आंघोळीचं, खरकट्या भांड्यांचं पाणी साठायचा हौद. शेडमध्ये ओळीनं तीन लोखंडी पिंपं, माझ्या छातीएवढी. तळाला वाळू, वर मुरूम, त्यावर काळी माती. ती माती मीच पाट्या वाहून भरली, आणि तुम्ही प्रत्येक थर धुमसानं चोपायला लावला. प्रत्येक पिंपाला खाली तोटी, तोटीखाली काचेची बाटली. पहिल्या पिंपात रोज बादलीभर घाण पाणी एकदम ओतायचं. दुसऱ्यावर तेवढंच पाणी, पण झारीनं, सकाळी थोडं, दुपारी थोडं, दिवस कलताना थोडं. तिसऱ्यात एक दिवस ओतायचं आणि पुढचे दोन दिवस पिंप पड टाकायचं, रानाला टाकतो तसं. गटाराचं पाणी इतक्या लाडानं पाजताना मी कुणाला बघितलं नव्हतं. घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "शिकल्याली मानसं अशीच खुळावत्यात."

पंधरा दिवसांत पहिलं पिंप बिघडलं. वर काळी बुळबुळीत साय धरली, पाणी तसंच तुंबून राहायला लागलं, आणि खालच्या तोटीतून जे थेंब यायचे त्यांना अंडं कुजल्याचा वास. तुम्ही मला जवळ बोलावता आणि काडीनं ती साय बाजूला करून दाखवता. "बाई, मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. घाण तेच खातात. पण त्यांना हवा लागते. रोज असं बुडवलं की ते गुदमरतात." मी म्हणते, "म्हंजी सासुरवाशिनीवानी." तुम्ही चष्मा काढून हसता. दुसऱ्या पिंपाचं पाणी नितळ, तिसऱ्याचंही नितळ. तुम्ही बाटली उन्हात धरायचात आणि तिच्यातून माझ्याकडं बघायचात. त्या बाटलीतून तुमचा डोळा बैलाएवढा दिसायचा. मला त्या कामाचं वेड लागलं होतं, सर. उसाच्या फडात वाकून वाकून पाठ मोडलेली बाई मी, आणि इथं सावलीत उभी राहून मातीच्या पोटात काय चालतं ते शिकत होते. झारीचा तेवढा कंटाळा यायचा. हात भरून यायचे आणि माती आपली घोट घोट पीत बसायची, पाव्हण्याच्या घरी चहा प्यायला बसल्यासारखी.

म्हणूनच एकदा तुमचं बोलणं खाल्लं. संध्याकाळची झारी चुकवावी म्हणून मी दुपारीच दुसऱ्या पिंपावर उरलेलं सगळं पाणी ओतलं. तुम्ही बोट बुडवून बघितलंत आणि लगेच ओळखलंत. "बाई, तुम्ही दोन दिवसांचं जेवण एकदम जेवता का?" मी म्हटलं, "लग्नात जेवते की." या वेळी तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पाणी तेच आहे, माती तीच आहे. फक्त देण्याची रीत बदलते आणि तेवढ्यानं सगळं बदलतं. हे तुम्हाला कळत नसेल तर उद्यापासून मी दुसरी बाई बघतो." आवाज चढवला नाहीत. तो चढवला असतात तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आणि एक दिवस तुम्ही झोळीपाशी बसला होतात. माझा धाकटा तेव्हा दूधपिता, शेडच्या वाशाला मी त्याची झोळी बांधायची. त्याच्याकडं बघत म्हणालात, "एक लक्षात ठेवा बाई. माती घाण धरते, वास धरते. पण गोठ्याच्या पाण्यातून, जनावरांच्या मुतातून एक क्षार होतो, तो पाण्यात विरघळून खाली जातो. पाणी हळू दिलं, वर गवत-पीक असलं, तर मुळं तो उचलून घेतात. नाहीतर थेट विहिरीत. दिसत नाही, चव लागत नाही, उकळून जात नाही, उलट आटून जास्त होतो. असं पाणी तान्ह्या मुलाच्या बाटलीत गेलं तर त्याचे ओठ निळे पडतात, आणि वेळेवर कळलं नाही तर मूल हाताला लागत नाही." मी तेव्हा म्हटलं, "आमच्यात बाटली कोन देतंय, सर?" आता देतात.

(नातसून थांबली. माझ्याकडं बघतेय. लिही ग, अजून सांगायचंय.)

दोन वर्षांपूर्वी नातवानं गोठा वाढवला. गोठा धुतलेलं पाणी कुठं सोडायचं म्हणून त्यानं मला विचारलं. सगळ्या घरात मला तेवढंच कळतं असा माझा लौकिक आहे, आणि तो मीच करून ठेवलाय. तुमचं नाव सांगून सांगून मी या वस्तीवर अर्धी प्रोफेसर झालेय. मी त्याला सांगितलं, रोज सोडू नको, माती गुदमरते. टाकीत साठव, एकदम सोड आणि मग आठ दिवस वाफा पड टाक. जितकी जास्त पड, तितकी माती ताजी. आमच्या सरांच्या तिसऱ्या पिंपात पाच दिवस पड टाकली होती, तर काय पाणी आलं होतं! मोटरीच्या पाण्यासारखं. त्यानं तसंच केलं. वाफा गोठ्याच्या आणि विहिरीच्या मधे. विहीर तिथून वीस पावलांवर. गुणी पोरगं आहे, आजीचं ऐकतं. न ऐकणारं असतं तर आज मला झोप लागली असती.

चार दिवसांपूर्वी, सकाळी, मी काठी टेकत वाफ्यापाशी जाऊन बसले. या वर्षीचं ऊन तुम्हाला काय सांगू. वाफ्याची काळी माती फाटली होती, नांगरानं तास पाडावेत तशा भेगा. मी सहज काठी एका भेगेत घातली तर ती मुठीपर्यंत आत गेली. तेवढ्यात नातवानं टाकीचा कॉक उघडला. हिरवंकाळं पाणी फेसाळत आलं आणि सर, ते पसरलंच नाही. भेगेत पडलं आणि गेलं. घटाघट घटाघट, आवाज येत होता. सगळी टाकी संपली तरी वाफा भरेना, मातीचा वरचा पोपडा सुद्धा कोरडा. नातू लांबून ओरडला, "बघ आज्जे, तुझी माती कशी पितीय!" आणि मला तो आवाज ओळखू आला. तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता. तुमच्या शेडमध्ये.

आता जे सांगते ते ऐका, आणि तू पण लिही, पेन थांबवू नको.

तुम्ही पुण्याला गेला होतात. माझी आई माहेरी, खर्ड्याला, आजारी होती, म्हणून मी तुम्हाला विचारून दोन दिवस गेले आणि पाच दिवस राहिले. आल्यावर बघते तर शेडमधली माती उन्हानं आकसलेली, तिसरं पिंप तर मधोमध फाटलेलं, कडेनंही सुटलेलं, बोट जाईल एवढी फट. त्याचं मधलं एक ओतणं चुकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही येणार होतात. मी घाईनं बादली ओतली. घटाघट आवाज आला, आणि घास गिळायच्या आत खालच्या तोटीतून पाणी यायला लागलं. जसं वर ओतलं तसंच. राखेच्या रंगाचं, खरकट्याचा तवंग असलेलं. बाटली भरली ती गटाराची. मला तुमचा तो न चढलेला आवाज ऐकू आला, "उद्यापासून दुसरी बाई बघतो." मी बाटली लिंबाच्या बुडात ओतली, राखेनं घासली, तीन वेळा खळबळली आणि तुमच्या मळ्याच्या मोटरीच्या पाण्यानं भरून तोटीखाली ठेवली. मग बादलीभर पाणी मुरवून मुरवून भेगा बुजवल्या, वरून हात फिरवला.

तुम्ही आलात, बाटली उन्हात धरलीत. तुमचा बैलाएवढा डोळा माझ्याकडं बघत होता आणि मी खाली माझ्या पायांच्या बोटांकडं. पाच दिवस पड पडली एवढं मात्र मी खरं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, पाच दिवस! आणि पाणी बघा!" ते वहीत लिहिलंत. पावसाळ्यानंतर परत करून बघू म्हणालात, पण त्याआधीच तुमची बदली झाली. जाताना मला ती हिरवी झारी दिलीत. "तिसऱ्या पिंपाला तुमच्या हाताचा गुण आला," असं म्हणालात. मी झारी घेतली आणि तुमच्या पाया पडले. पुढं किती तरी वर्षांनी राहुरीच्या स्टँडवर शेडवरचा जुना वॉचमन भेटला, त्यानं तुम्ही गेल्याचं सांगितलं. तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, सर. रडू नंतर आलं, एसटीत.

त्यानंतर ती बाटली मी इतक्या जणांना सांगितली की सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली. नातवाला सांगताना मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच मोटरीचं पाणी तिसऱ्या पिंपातून येताना दिसत होतं. भेगेत काठी गेली तेव्हा ते फुटलं. आणि तरी मी काय केलं? सापाची गोष्ट रचली. वयाच्या पंचाहत्तरीत परत बाटली बदलली. विहिरीत साप नाही. कधीच नव्हता.

हे पुढचं आज सकाळी लिहिलं जातंय. काल 'कधीच नव्हता' या शब्दांपाशी नातसुनेनं पेन ठेवलं. "साप न्हवताच?" "न्हवता." "चार दिस तुम्ही मला पोरीला कुशीत घेऊन साप साप करत बसू दिलं. आन सांगायचं होतं ते ह्या वहीत सांगताय? मेलेल्या माणसाला?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाकडं बघून सांगायला जीभ रेटंना, बाय." ती उठली. स्वयंपाकघरात गेली, हंडा, कळशी, पोरीच्या बाटल्या उकळायचं पातेलं, विहिरीच्या पाण्याचं जे जे होतं ते सगळं मोरीत ओतल्याचा आवाज मी ऐकत बसले. मग बाहेर जाऊन तिनं नातवाला हाक मारली. तो मोटरीपाशी होता. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण मोटर बंद झाली.

तो आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. चिखलाचे पाय, हातात दोर. मला वाटलं आता हा म्हणेल, दुसरी आजी बघतो. तो म्हणाला, "आज्जे, साप शोधत मी कासराभर खाली गेल्तो. बुडलो असतो म्हंजी?" मी म्हटलं, "म्हणूनच रोज काठावर बसत हुते." "तू बसून काय करनार हुतीस, उडी मारनार हुतीस?" खरंच काय करणार होते, सर? दोघं पोरीला घेऊन मोटारसायकलवर राहुरीला दवाखान्यात गेली. मी गाईंच्यात बसून राहिले. ते दोन-तीन तास कसे गेले ते मी सांगत नाही. परत आली तेव्हा नातसून उतरून नुसती म्हणाली, "रंग चांगला हाय म्हनले. बोटाला मशीन लावून बघितलं. पानी तपासून येईस्तोवर जारचंच." 'आजी' म्हटलं नाही.

तपासायचं पाणी तिनं स्वतः भरलं. मी हात पुढं केला तर बाटली मागं घेतली. बरोबरच आहे. मी काठावर बसून बघत होते, बादली वर आली, बाटली बुडाली, बुडबुडे आले, बूच लागलं. पाणी नितळ दिसत होतं. तुम्ही असतात तर उन्हात धरली असतीत. ती बाटली नातू आज सकाळी घेऊन गेलाय, चार दिवसांनी कागद येईल म्हणतात. कागदावर काय येईल याची मला काल वाटत होती तेवढीच भीती आज वाटतेय. भीती सांगितली की कमी होते म्हणतात, ते म्हणणारे विहिरीकाठी राहत नसावेत. पोरीचे ओठ आज पण बघितले. लाल आहेत. पण आता मी एकटी बघत नाही, तिची आई बघते आणि मग माझ्याकडं देते.

जाण्याआधी नातवानं विचारलं, "मग आता गोठ्याचं पानी करू काय?" मी त्याला सांगितलं, या वेळी जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच. विहिरीजवळचा वाफा मोडून टाक, भेगा खणून बुजव. पाणी पलीकडं उताराला गाईंच्या चाऱ्याच्या, घासाच्या रानात ने, विहिरीपासून लांब. रोज थोडं, पातळ, सगळ्या रानावर फिरवून. मातीला भेग पडू द्यायची नाही आणि तुंबूही द्यायचं नाही. "दुसऱ्या पिंपासारकं," तो म्हणाला. म्हटलं, "व्हय. तेच खरं हुतं. पर हात लई दुखायचे." आणि कागद आल्यावर तो घेऊन कुणा जाणत्या माणसाला विचार, माझ्यावर राहू नको, असंही सांगितलं. हे म्हणताना मला लाज वाटली आणि हलकं पण वाटलं.

नातसून विचारतेय, हे आता कुठं टाकायचं. तुमचा पत्ता तुम्ही होतात तेव्हाही मला माहीत नव्हता. म्हटलं, वही तुझ्याजवळच ठेव, पोरगी वाचायला शिकली की तिला वाचू दे. ती म्हणाली, "तुमाला राग न्हाई येनार?" मी म्हटलं, मला वाचता कुठं येतं.

एवढंच राहिलं, सर. ती हिरवी झारी इतकी वर्षं छपराच्या वाशाला उलटी टांगलेली आहे. कुणी मागितली की मी सांगायची, तिला भोक आहे, हात लावू नका. आज सकाळी नातसुनेनं ती खाली काढली आणि जारचं पाणी भरून माझ्यापुढं ओट्यावर ठेवली. अर्धा तास झाला. अजून खाली एक थेंब पडलेला नाही.